मेरिडिथच्या कुंपणाचं फाटक

१४ सप्टेंबर, मंगळवार

शंभरामागे चौसष्ट! चौसष्ट जगली!

मी दोनदा मोजली. चूक सापडावी म्हणून मोजली — हे कबूल करायचं तर इथंच. मेरिडिथ वाकून एकेका रोपाला बोट लावत होती, "हे बघा, हेही हिरवंय!" आणि मी वहीत रेघा मारत होते. अख्खा उन्हाळा पावसाचा टिपूस नाही, तरी तिचं सेजब्रश, इथल्या माळाचं मूळ झुडूप, जगलं. वीतभर उंच, करडं. पान चुरगळलं की तोच जुना कडसर वास.

वणव्याला नऊ वर्षं झाली. सगळं खोरं जळलं. तेव्हापासून सेजब्रश परत आणायचं म्हणून मी झटतेय — विमानातून बी टाकलं, बर्फावर टाकलं, ट्रॅक्टरनं पेरलं. उगवलं काय? चीटग्रास! ते उपरं गवत जूनमध्येच वाळतं आणि पुढच्या आगीची वाट बघत पडून राहतं. सेजकोंबडे, इथले रानपक्षी, कधीच निघून गेले. हिवाळ्यात ते सेजब्रशच्या पानांवरच तर जगतात. राहून करणार काय?

माझी नऊ वर्षं. हिला येऊन दोन झाली. वय एकतीस.

१५ सप्टेंबर

चौसष्ट. भांडी घासतानासुद्धा चौसष्ट.

२२ सप्टेंबर

ड्वेननं, जमीन खात्यातल्या आमच्या साहेबानं, आज राजधानीतली पाहुणेमंडळी खोऱ्यात आणली. साहेब अगदी फुलून आले होते. "ही आमची मेरिडिथ. हिनं करून दाखवलं!" मग माझ्याकडे हात — "आणि ही वर्ना. इथला सगळा इतिहास हिला ठाऊक."

इतिहास! म्हणजे मला आता काचेच्या कपाटात ठेवा.

आणि हिनं केलं काय, तर जळक्या खोडांच्या उत्तरेला रोपं लावली. तिथं सावली असते, बर्फ उशिरा वितळतो, ओल टिकते. ही कल्पना माझी! ती आली त्याच वर्षी गाडीत मीच तिला बोलले होते. खरं लिहायचं तर बोलले आणि सोडून दिलं. अठराशे खड्डे गुडघे टेकून तिनं खणले.

तिनं पाहुण्यांना सांगितलंही — "कल्पना वर्नाची बरं का." कुणी ऐकलं नाही. पण ती बोलली ना! त्यानं तर मी जास्तच चिडले. निदान चोर तरी निघायची.

९ ऑक्टोबर

तीन दिवस ताप. मेरिडिथ सूप घेऊन आली. बटाट्याचं, वर भरपूर मिरपूड. "तुम्ही उठू नका, मी बघते सगळं." कुत्री तिच्या पायात लोळत होती. "ही मला ओळखायला लागली!"

फितूर.

सूप चांगलं होतं.

२४ ऑक्टोबर, रविवार

हे लिहू की नको?

माझ्या जुन्या पेरणीकडे एकटीच गेले होते. काहीच नाही तिथं. परतताना चारच्या सुमारास मेरिडिथच्या कुंपणापाशी आले. तारेचं फाटक जमिनीवर आडवं पडलेलं. चाकांच्या ताज्या खुणा — शिकाऱ्यांच्या असणार, हरणांचा मोसम आहे. खाली झऱ्याजवळ म्हाताऱ्या बेन्यातची, इथल्या जुन्या गुरंवाल्याची, वीसेक गुरं चरत होती.

थांबले. उतरले. फाटकाचा खांब उचलायचा, वर तारेचा फास अडकवायचा — अर्ध्या मिनिटाचं काम. किती वेळा केलंय आयुष्यात! आत तिची रोपं, ओळीनं, प्रत्येकाशेजारी निळी काडी.

मनात आलं — हिचंही जरा काही बिघडू दे.

शब्द अगदी हेच. मग गाडीत बसले आणि निघाले.

२५ ऑक्टोबर

आजही जाऊन लावता आलं असतं. कचेरीत नकाशे रंगवत बसले.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी मेरिडिथचा फोन. नुसतं "वर्ना, या" एवढंच.

वीस गुरं, दोन दिवस. शनिवारच्या पावसानं जमीन मऊ झालेली, खूर घोट्याएवढे रुतले होते. निळ्या काड्या चिखलात मोडून पडलेल्या. अठराशेतली साडेअकराशे रोपं जगली होती. दोनशेही उरली नाहीत.

आनंद झाला का? क्षणभर — हो, झाला. मग वाकून मोडक्या काड्या गोळा करायला लागले.

ती रोपं तुरुंगातल्या बायकांनी वाढवलेली. तिथं त्यांची रोपवाटिका आहे. दर महिन्याला पत्र येतं त्यांचं. मेरिडिथ चिखलात बसून म्हणाली, "त्यांना काय लिहू हो? एक जण दरवेळी विचारते, माझी पोरं कशी आहेत." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "माझंच चुकलं. शुक्रवारी घाईत होते. फास नीट बसला नसणार."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. याच हातानं. आणि म्हटलं, "होतं असं कधी कधी."

३ नोव्हेंबर

कचेरीत बैठक. बेन्यात इरिगोयेनला बोलावलं होतं. वय चौऱ्याहत्तर, त्याचा आजा स्पेनकडच्या बास्क डोंगरांतून मेंढ्या राखायला इकडे आला, तेव्हापासून या खोऱ्यात त्यांची जनावरं. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

ड्वेन म्हणाला, "गुरं पंधरा तारखेलाच खाली न्यायची होती."

"नेली. ही वीस मागं राहिली. आणायलाच गेलो होतो."

"मग फाटक कुणी उघडलं?"

"मी नाही."

"मग कुणी?"

बेन्यातनं टोपी फिरवली. "शिकारी असतील. कुणाला उघडताना मी बघितलं नाही."

मेरिडिथ मध्येच बोलली, "माझ्याकडूनच राहिलं असेल, ड्वेन. त्यांना कशाला?" ड्वेननं ऐकलं नाही. रोपं हवीत की गुरं, असा वाद इथं कायमचाच, त्याला वर उत्तर द्यायचं होतं. चराईचा परवाना तीन वर्षं बंद, असा कागद तयार होतोय. तीन वर्षं! म्हणजे म्हातारा गुरं विकणार, आणि विकली की संपलंच.

मी पाणी पीत होते. तीन पेले प्याले.

बाहेर पडताना बेन्यात माझ्या गाडीपाशी थांबला. "थंडी धरायला लागली, बाई. चाकं बदलून घ्या, बर्फात चालणारी बसवा." बस, एवढंच बोलला.

५ नोव्हेंबर

मेरिडिथ उरलेल्या रोपांभोवती दगड रचतेय. मला बोलावलं होतं. कंबर दुखते म्हणाले.

८ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

ड्वेनच्या खोलीत, मेरिडिथला शेजारी बसवून. कागदावर सही व्हायच्या आधी. सगळं सांगितलं — आडवं फाटक, गुरं, घड्याळातली वेळसुद्धा.

ड्वेन म्हणाला, "तू बघितलंस, आणि पुढे गेलीस?"

"हो."

"विसरलीस का? नुकतीच तापातून उठली होतीस..."

वाट काढून देत होता बिचारा. "नाही. विसरले नाही. हिचं चांगलं चाललं होतं ते मला बघवत नव्हतं."

मग मेरिडिथ — मोठ्यानं नाही, उलट अगदी हळू — "मी तुमच्यासारखं व्हायला इथं आले होते, वर्ना." उठली आणि गेली. दारही आपटलं नाही तिनं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

परवाना वाचला. मला खोऱ्यातून काढलं. निवृत्तीपर्यंत नकाशे आणि फायली. योग्यच आहे.

तरी घरी येताना हलकं वाटत होतं. सांगायचं धाडस केलं, याचा थोडा तोराही होता मनात. अजून आहे.

१४ नोव्हेंबर, रविवार

माफी मागायला बेन्यातकडे गेले. गाडीवरून गुरांना वैरण टाकत होता. थांबला नाही. टाकता टाकताच म्हणाला, "त्या दिवशी मी वर डोंगराच्या धारेवर होतो. तुम्ही उतरलात, बघितलंत, गेलात. मी फाटक लावायला खाली आलो. मग म्हटलं, बाईनं बघून सोडलंय, म्हणजे ते परकं गवत खायला गुरं आत हवी असतील. नाही लावलं, गुरंही नेली नाहीत."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"तुम्ही तिथंच बसला होतात की. म्हटलं, आता सांगाल. मग सांगाल."