समोरच्या दाराची घंटा

महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव
८ नोव्हेंबर २०२५

माझी धाकटी बहीण फुला हीस,
भागुजीचा मनापासून जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला कायबी ऐकू येत न्हाई, कानात मशीन घातली तर नुसती शिट्टी वाजती, म्हणून तू लिहितीस हे लई बरं. चाळ पाडली तिथंच टॉवर झाला आन् तुला बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं, वाचून गंमत वाटली. गोदीतनं सुटून गावी आलो त्याला वीस वर्षं झाली, पण डोळ्यांपुढं आपली चाळच हाय. गावाकडनं कुणी आलं आन् आपल्या खोलीला कुलूप असलं, तर तो सरळ शेजारी सोमाजीच्या खोलीत शिरायचा, माठातलं पाणी प्यायचा आन् आडवा व्हायचा. तू कोण, म्हणून कुणी इचारलं का कधी?

तू कायमचा ये म्हणतीस. तुझी वहिनी गेल्यापासून घर खायला उठतंय. दिवस मावळला की बिबट्याच्या भीतीनं सारी वस्ती दारं लावून घेती, मग मी भिंतीकडं बघत बसतो. येतो मी, फुला. फक्त आमटीत मीठ बेतानं घाल.

लोभ हाय तसाच राहू दे.
तुझा दादा
भागुजी

मुंबई
१६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय दादा यांस,
फुलाचा सविनय जयभीम. वि. वि.

आमटीला नावं ठेवणारा तूच आणि दुसऱ्यांदा वाढून घेणारा पण तूच. ये आणि गुपचूप खा. तुझ्या भाच्याने, रुपेशने, तुझ्यासाठी खिडकीपाशी पलंग टाकलाय.

खरं सांगते, तुला बोलावते ते तुझ्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त. मुलगा-सून सकाळी आठला जातात, रात्री नऊला येतात. सोमाजीभाऊ तर गेलेच, त्यांच्यामागे लंकावहिनी लेकीकडे राहतात. त्यांच्या मुलाला माझ्या समोरचंच घर मिळालंय, पण त्याची बायको नवीन, महिन्यातून एकदा दिसली तर दिसली. पूर्वी सकाळी नळावर ज्या बाईशी भांडायचं, तिच्याचकडून संध्याकाळी वाटीभर कालवण यायचं. आता भांडायलासुद्धा कुणी नाही रे. कधी कधी मी टीव्हीशीच बोलते.

एकटी असताना कुणालाही दार उघडायचं नाही, असं रुपेशने बजावलंय. पेपरात काय काय येतं, त्याची त्याला धास्ती. म्हणून तारीख कळवून ये. मी खाली गेटवर उभी राहीन.

तब्येतीला जप, माझ्यावर माया ठेव.
तुझी
फुला

महाळुंगे पडवळ
१ डिसेंबर २०२५

फुला, तुला दादाचा जयभीम.

रागावू नको. मी गेल्या गुरुवारी येऊन गेलो. बहिणीकडं कळवून जायला मी काय पावणा हाय? मंचरवरनं पहिल्या एसटीनं निघालो. गेटवर कुणाचं तरी सामान आत चाललं व्हतं, त्या माणसांबरोबर लिफ्टनं वर आलो. तुझं दार वाजवलं, उघडलं न्हाई. समोर सोमाजीच्या नावाची पाटी आन् दार सताड उघडं. मग काय, गेलो आत. टेबलावरच्या बाटलीतलं पाणी प्यालो आन् सोफ्यावर आडवा झालो.

आतनं एक पोर आली, कायतरी बोलाय लागली. मला ऐकू आलं न्हाई. जेवणाचं इचारती असं वाटून मी मान हलवली, बस इथं पोरी म्हणालो. ती किंचाळतच भाईर पळाली. वॉचमन आन् चार-पाच माणसं आली, दंडाला धरून मला उठवलं. पिशवी उलटी केली, तुझ्यासाठी आणलेल्या शेंगा फरशीवर सांडल्या. मी तुझं नाव सांगितलं, तवा वॉचमननं तुझी घंटा तीनदा वाजवली. तू घरात नव्हतीस. बरंच झालं, माझी ती दशा तुला बघावी लागली न्हाई. त्यांनी गेटभाईर सोडलं, मी तसाच परत फिरलो.

त्या पोरीला काय बोलू नको. घाबरली बिचारी. आता मात्र मला बोलवू नको, माझ्यानं व्हायचं न्हाई.

तू सुखी राहा, एवढंच मागणं.
दादा

मुंबई
९ डिसेंबर २०२५

दादा,
जयभीम.

तीन दिवस पत्र हातात धरून बसले. तुझ्यापासून लपवलं तर मला घास गिळवणार नाही, म्हणून लिहिते.

तू पहिल्यांदा दार वाजवलंस तेव्हा मी आंघोळीला होते. पण घंटा वाजली तेव्हा मी घरात होते, दाराशीच होते. दाराच्या भोकातून पाहिलं. वॉचमन दिसला, त्याच्यामागे माणसं, आणि त्यांनी धरलेलं कुणीतरी म्हातारं, मान खाली घातलेलं. तोंड दिसलं नाही. मनात आलं, कुणाचं तरी माणूस चुकलेलं दिसतंय. नसती पीडा आपल्या दारात कशाला, म्हणून श्वास रोखून उभी राहिले. तिसरी घंटा झाली, तशी वरची कडीपण घातली. संध्याकाळी सफाईवाला शेंगा झाडून नेत होता. कुणाच्या, म्हणून त्याला विचारलंसुद्धा नाही.

त्या पोरीने तुला आधी कधी पाहिलं नव्हतं, दादा. मी तुझ्या पाठीवर वाढले, आणि मी तुला दाराबाहेरून जाऊ दिलं.

लोभ असावा असं लिहायला हात वळत नाही.
फुला