दुसऱ्या खेपेची उत्तरं

धारवाड, ४ ऑगस्ट २००३

ती. अक्कास शि. सा. न.

तुझ्या वर्गाचे दुसऱ्या खेपेचे फॉर्म मिळाले. रागातच लिहितोय. मुलांच्या अंगी धंदा उभा करायची वृत्ती किती, हे मोजणारी माझी प्रश्नावली खरी ठरायची, तर तीन आठवड्यांनी त्याच मुलांची उत्तरं साधारण तशीच यायला हवीत. बाकी चार कॉलेजांत आली. तुझ्या सदतीस पोरांनी मात्र 'नवं काही करून बघायला आवडतं' याला आधी 'हो' म्हटलं, आता 'नाही'. तू वर्गात विणकाम करत बसली होतीस का? माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर म्हणतात, हे कॉलेज गाळून टाक. दोन वर्षं राबलोय, अक्का.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, आज रागही आहे.

श्रीपाद

शिरसी, ९ ऑगस्ट

चि. श्रीपादास अ. आ.

विणकाम तुझ्या सरांना शिकव. पोरांनी मन लावून फॉर्म भरले.

मधे काय घडलं, हे विचारायचं तुला सुचलं नाही. माझ्या वर्गातली नागवेणी आईच्या हातचे फणसाचे पापड हॉस्टेलच्या मुलींना विकायची. चार मैत्रिणींनाही तिने कामाला लावलं होतं. प्रिन्सिपॉलना कळलं. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी तिला पुढे बोलावलं, डबा जमिनीवर उपडा केला नि म्हणाले, "हे कॉलेज आहे, आठवडी बाजार नव्हे." सगळ्यांदेखत माफी मागायला लावली. पाच दिवसांनी मी तुझे फॉर्म वाटले. पोरांनी काय लिहावं, तूच सांग.

तुझ्या प्रश्नावलीने नेमकं तेच मोजलंय. गाळायचंच तर आमच्या प्रिन्सिपॉलना गाळ.

आणि मी? शिक्षकांच्या रांगेत, तिसऱ्या खुर्चीत पदर सावरत बसले होते. सगळ्यात जास्त राग त्याचा येतो.

जेवणाची आबाळ करू नकोस.

अक्का

धारवाड, १४ ऑगस्ट

ती. अक्कास शि. सा. न.

विणकामाचं बोललो, त्याची लाज वाटते. तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं. आकडा बिघडतो, एवढंच म्हणाले. मी फॉर्म गाळणार नाही, कारणासकट प्रबंधात घालणार आहे. त्यांनी सही नाकारली तर दुसरे गुरू शोधीन.

तुझा श्रीपाद

शिरसी, २० ऑगस्ट

चि. श्रीपादास अ. आ.

आज प्रार्थना संपल्यावर उभी राहिले. नागवेणीचा काही गुन्हा नव्हता, मी गप्प बसले हा माझा होता, असं सगळ्यांसमोर सांगितलं. दुपारी प्रिन्सिपॉलांचा खुलासा मागणारा मेमो आला.

संध्याकाळी नागवेणी भेटली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मॅडम, त्याच दिवशी बोलला असतात तर चार किलो पापड वाचले असते."

मेमोचं उत्तर सुचलंय, ते लिहायला बसते. माया असू दे.

अक्का