रायभानची झटका मशीन आणि माझी डिश

१८ ऑगस्ट, सायंकाळी ७
टीव्हीवर आज पुन्हा चौकोन. बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ एका कोपऱ्यात, हनुवटी दुसऱ्या. कारण सापडलं. शेजारच्या रायभाननं शनिवारी मक्याभोवती तार ओढून झटका मशीन लावली. डुकरं अन् वानरांसाठी, दिवसरात्र चालू. रविवारी आमचं चित्र फुटलं. याला इंटरफेरन्स म्हणतात. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला हे कोणी शिकवायची गरज न्हाई.
१० सप्टेंबरला साडेपाच वाजता आमची पोरगी मीना शेतीच्या कार्यक्रमात लाईव्ह. अर्ध्या हसनाबादला सांगून ठेवलंय, आमच्याकडं पाहायला या.
संकल्प: त्याच्या आत रायभान स्वतःच्या हातानं मशीन काढील.

२० ऑगस्ट
रायभानला हॉटेलात गाठून रीतसर सांगितलं. म्हणला, काका, मागल्या साली डुकरांनी अर्धा एकर साफ केला, मशीन न्हाई निघणार. तुमच्या डिशची वायर पाहा एकदा.
माझी वायर. मला. चार लोकांसमोर. वर म्हणला, लँडलाइनचा जमाना गेला काका. सगळे हसले. चहा अर्धा सोडून उठलो.
हे मी विसरणार न्हाई.

२४ ऑगस्ट
फिल्टर बनवला. जुन्या सेटमधली लोहचुंबकी रिंग, तिच्यावर डिशच्या वायरचे सात वेढे, वरून पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद. रिझल्ट: चौकोन बिलकुल गेले. आता स्क्रीनवर फक्त 'सिग्नल उपलब्ध नाही'. म्हणजे फिल्टर जरा जास्तच बराबर चालून राह्यला. उषा म्हणली, आधी निदान आवाज तरी येत होता. बायकोला सायन्स समजावत बसलो न्हाई.

२८ ऑगस्ट
पुरावा मिळाला. खिशातला रेडिओ घेऊन रायभानच्या तारेजवळ गेलो. दर सेकंदाला टक्. टक्. टक्. तक्रार लिहिली, साडेचार पानं. उषानं विचारलं, कोणाला पाठवायची. ते ठरायचंय.
मंग रेडिओ आमच्या डिशजवळ नेला. तिथं टक् आलं न्हाई. सेल उतरले असतील.

१ सप्टेंबर, सकाळी ९
तक्रार रद्द. आता टेक्निकल बदला. त्याच्या तारेला एक वायर जोडून दुसरं टोक जमिनीत खुपसायचं. सगळा झटका मातीत. मशीन चालू दिसणार, पण आतून मेलेली. रायभान दुकानदाराला शिव्या देत परत करील. रबरी चप्पल घातली की धोका शून्य.

त्याच दिवशी, दुपारी ४
झालं काम. चप्पल ओली होती. हे डाव्या हातानं लिहून राह्यलो.
रायभानची आई गोपिकाबाई, यांनी मला बांधावर बसलेलं पाह्यलं. चक्कर आली म्हणालो. त्यांनी पाणी पाजलं, पदरातून पाच कणसं दिली. शत्रूचं खायचं न्हाई असं ठरवलं होतं. खाल्ली. दाणे कोवळे, दुधाळ होते.

३ सप्टेंबर
विजय. रात्री डुकरं आल्ती. रायभानच्या मक्याच्या दहा-बारा ओळी आडव्या. गोपिकाबाई सकाळपासून मोडलेली धाटं वेचून राह्यल्या. सत्तरी गेली, वाकवत न्हाई त्यांना. मी तिकडची खिडकी लावून घेतली. ऊन येतं.
मशीन दोन दिवस मेलेली, उषानं फिल्टरही काढून टाकला, तरी चौकोन तसेच. तारेत मुरलेला जुना इंटरफेरन्स असणार. उतरायला वेळ लागतो.

४ सप्टेंबर
वायर काढायला गेल्तो. दया आली म्हणून न्हाई, पुरावा राहू नये म्हणून. वायर तिथं नव्हती.
दुपारी गोपिकाबाई आल्या. हातात माझी वायर, नीट गुंडाळलेली. म्हणल्या, रायभाननं दिली, काकाची दिसते म्हणला. टेलिफोनची काळी वायर. म्हणालो, अशी पुष्कळांकडं असते. म्हणल्या, असंल. ओट्यावर ठेवली अन् गेल्या.
उषानं मला वाढलं अन् स्वतःचं ताट घेऊन आत गेली.
रायभान भांडायला यायला पाहिजे होता. मी मुद्दे काढून ठेवलेत.

१० सप्टेंबर, दुपारी ३.३०
गच्चीवर. डिश दोन बोटं पूर्वेला सरकवली. चौकोन मोठे झाले. एक बोट परत.

५.१०
उषा खालून म्हणली, मी रायभानकडं चालले, त्यांच्याकडं चित्र स्वच्छ येतं. चलता का? म्हणालो, त्याच्या घरात पाय ठेवणार न्हाई. मशीनच्या बुडाशी असून त्याचं चित्र स्वच्छ कसं? दिव्याखाली अंधार, तसं काही असेल. आम्ही बोलावलेले सगळे तिकडंच वळले.

५.४०
इथून मीनाचा आवाज ऐकू येतो. शब्द कळत न्हाईत. मधेच तिकडं सगळे हसले. तिनं काहीतरी चांगलं सांगितलं असणार.

७.३०
सहाला रायभान शिडी चढून वर आला. वायर चाचपत गेला. पाण्याच्या टाकीमागं थांबला, काळी टेप उकलली. आत तांबं हिरवं पडलेलं.
"हा जॉइंट कोणी मारला, काका?"
मीच, दिवाळीत. म्हणालो, खात्यात असाच मारायचो आम्ही.
त्यानं वायर छाटली, खिशातून नवा कनेक्टर काढून लावला. मक्याचं काहीतरी बोलेल म्हणून मी उभा राह्यलो. त्यानं छाटलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. तो उतरून गेला.
खाली चित्र काचेसारखं. फवारणीच्या औषधाची जाहिरात होती. पूर्ण पाह्यली.

८.१५
मीनाचा फोन. बाबा, पाह्यलं का? म्हणालो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक चौकोन न्हाई. कशी दिसले? म्हणालो, छान, साडी उठून दिसत होती.
ती म्हणली, मी ड्रेस घातला होता, बाबा. आईकडं द्या फोन.