विहिरीकडच्या रतनअबोलीची व्यवस्था

मी, तुळसा गुरुदास खोबरेकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार मालवण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी दडपण आणलेले नाही. मी संतापलेली आहे हे खरे, पण संतापलेल्या बाईलाही मृत्युपत्र करता येते असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून आजच बसले.

१. राहते घर यजमानांनी हयातीतच माझ्या नावावर केले होते. ते माझा मुलगा निलेश याला द्यावे, मात्र कलम ५ ची अट पाळली तरच. बँकेतील ठेवही त्यालाच.

२. घरामागची विहिरीकडची दोन गुंठे जागा आणि तिथली एकोणीस रतनअबोलीची झाडे शेजारच्या सारिकाला द्यावीत. निलेशला तिथे पर्यटकांच्या गाड्या लावायच्या आहेत. लावशील तर याद राख!

३. जाऊ जानकी हिला मिठाची बरणी द्यावी. कारण लिहिते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

यजमान गेले त्याला बारा वर्षे झाली. तेराव्याचे जेवण आटोपते न आटोपते तोच ही माझ्या अबोलीकडे बोट दाखवून म्हणाली, "आता तुका फुलां कित्याक गो? माका दी, मी देवीक वळेसर गुंफतंय." तिचे कुंकू शाबूत ना! चाळीस वर्षे देवीचा वळेसर, अबोलीचा गजरा, मी माझ्या हाताने केळीच्या दोऱ्यात गुंफला होता. त्या दिवसापासून पाणी मी घालायचे, शेणखत मी द्यायचे, आणि मंगळवारी परडी घेऊन मिरवायची ती. मी गप्प बसले. त्याचाच मला जास्त राग येतो.

दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा झाडांना पाणी घालायला तिला सांगितले. मासळी धुतलेले पाणी आपण सगळेच झाडांना घालतो. पण या मेलीने खारवलेले बांगडे भिजवलेले पाणी आठ दिवस मुळाशी ओतले! परत आले तर बारापैकी अकरा झाडे करपलेली. वर म्हणते, "चुकान झाला. मासळीचा पाणी घालतंवच मा आपण?" साठ वर्षे समुद्राकाठी संसार केलेल्या बाईला मीठ कळत नाही? निलेशला फोन केला तर तो म्हणाला, "आई, झाडांवरून कसली भांडतेस!"

४. त्या एका झाडापासून सारिकाने आणि मी एकोणीस केली. ती कशी, हे सारिकासाठी लिहिते. रतनअबोलीला बी धरत नाही, फांदीच लावावी लागते. पाऊस ओसरला की धड कोवळी नाही, धड जून नाही अशी वीतभर फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत, आणि तांबडी माती, वाळू, शेणखत सारखे घेऊन त्यात खोचावी. महिनाभर माडाच्या विणलेल्या झापांच्या सावलीत ठेवावी. मग सकाळचे ऊन पुरे, दुपारचे नको. उन्हाळ्यात रोज पाणी, पण मुळाशी साचू देऊ नये, मूळ कुजते. फुले संपलेले कणीस लगेच खुडावे, म्हणजे नवीन फुटते आणि बारमाही फुलते. ताज्या मासळीचे पाणी महिन्यातून एकदा चालेल. खाऱ्याचे कधीही नाही, जानकी स्वतः घेऊन आली तरी नाही.

५. मला न्यायच्या वेळी माझ्या अंबाड्यात रतनअबोलीचा वळेसर माळावा. विधवेला फुले नसतात असे कोणी म्हणाले तर त्याला अंगणाबाहेर काढावे. निलेशने हे केले नाही, तर घर त्याला मिळणार नाही.

६. हे कलम आयत्या वेळी घालत आहे. वकीलसाहेबांनी वरचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा सारिका चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "काकी, मेल्यावर कित्याक? तेव्हा तुमका खंय दिसतला?" मी तिच्यावर खेकसले. मग वकीलसाहेबांना कलम ५ पुन्हा वाचायला लावले. बारा वर्षे मी माझ्याच फुलांना जानकीची परवानगी लागत असल्यासारखी वागले, आणि आता मेल्यावरची परवानगी मुलाकडून लिहून घ्यायला निघाले होते.

सबब कलम ५ रद्द. घर निलेशला विनाअट द्यावे. सारिकाने आता परसातून फुले आणली, वळेसर मी गुंफला आणि मीच माळला. खाडाखोडीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. आज मंगळवार आहे. सही झाली की मी अशीच देवळात जाणार आहे, जानकी तिथे असेलच.

ठिकाण : मालवण
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : तुळसा गुरुदास खोबरेकर (सही)

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार :
१. दत्तप्रसाद पराडकर (सही)
२. किशोरी आचरेकर (सही)