टीनाचा गणवेश

दिल्लीवाल्या साहेबांना,

आमची टीना तुम्ही विसरलेच असाल. आपलं सोताचं जेवण झालं का नाही, हेही तुम्ही शिपायाले विचारत असाल.

शाळा सुटल्यावर मतिमंद पोरं काय करतात, हे विचाराले तुमची संसदेची समिती गोंदियात आली होती. अठरावं लागलं अन् शाळेनं माझ्या नातीले घरी पाठवलं होतं. तुमच्यासमोर तिनं प्रार्थना म्हटली, तुम्ही टाळ्या वाजवल्या, बिस्किट देलं. शाळेत पाहुणे आले का असंच होत होतं. शाळा पुन्हा उघडली समजून ती रोज गणवेश घालून दारात गाडीची वाट पाहून राहिली. सांजेले मीच तिले आत आणते. माझ्यामागं कोण आणन?

पत्ता तुम्ही देला नाही, म्हणून शेजारची मंजू हे लिहून आमच्या घरच्याच डब्यात ठेवन.

बिस्किट मात्र पाठवू नका. पाठवाचंच असन तं चिवडा पाठवा, तो शाळेत कधी वाटला नव्हता.

टीनाची आजी,
सुलोचनाबाई, सौंदड