आहार उत्तम

ती. सौ. वहिनीस,

साष्टांग नमस्कार (खरोखर आडवं पडून घातलाय, आता कंबर सरळ व्हायला संध्याकाळ होईल). आईची तब्येत विचारत नाही, कारण दादा फोनवर "आई मजेत" एवढं सांगतोच. तुझी कशी आहे? तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण मी रागावले होते. आईसाठी तुमच्या वृद्धाश्रमात जागा आहे का, असं तू विचारलंस आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, झाली वहिनीला आई जड! त्याचं शेवटी लिहिते. आधी माझ्यावर काय गुदरलं ते वाच.

आमच्याकडे म्हाताऱ्यांना सांभाळायचं ट्रेनिंग आलं, तेही सगळ्यांचं एकत्र. बावीस वर्षं हेड सिस्टर असलेली मी, माझ्या एका बाजूला आचारी, दुसरीकडे कपडे धुणारी, समोर रखवालदार. शिकवणारी माझ्या लेकीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिने जोड्या लावून आम्हाला एकमेकांना भरवायला लावलं. माझ्या नशिबी आचारी. पहिला घास गिळायच्या आत दुसरा चमचा नाकाशी हजर! बावीस वर्षं मी लोकांना असंच भरवत आलेय हे तेव्हा लख्ख कळलं (पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही).

मग नवं खूळ निघालं. रोज सकाळी दहा मिनिटं गोल बसायचं आणि काल काय पाहिलं ते प्रत्येकाने सांगायचं. म्हटलं, कामं सोडून गप्पा हाका. आता आमच्याकडे एक म्हातारे मास्तर आहेत. दोन महिन्यांत पाच किलो उतरले, डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणत होते. आणि मी रजिस्टरात रोज "आहार उत्तम" लिहीत होते, कारण आचारी म्हणे, ताट रिकामं येतं. तिसऱ्या दिवशी कपडे धुणारीची पाळी आली. ही बाई सात वर्षांत माझ्याशी "हो सिस्टर"च्या पलीकडे बोललेली नाही (मी बोलू दिलं असतं तर बोलली असती). खाली मान घालून म्हणाली, "मास्तरांच्या खिशात रोज भात निघतो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवताना जाऊन पाहिलं, तर मास्तरांचा हात थरथरतो. चारचौघांत सांडतं, लाज वाटते, म्हणून घास खिशात. रखवालदाराने स्वतःच्या वडिलांसाठी केलं होतं तसं चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून दिलं, आचाऱ्याने कोपऱ्यातलं टेबल भिंतीकडे वळवलं. दुपारी मास्तर पोटभर जेवले आणि वर भात मागितला. आचारी रडला, मीही रडले. आता दीड किलो वाढलेत, नळीचं नाव कोणी काढत नाही.

तुझी भांडखोर नणंद

ता. क. : ट्रेनिंग अगदीच टाकाऊ होतं, असं मी शिकवणारीला तोंडावर सांगितलं (हार कशी मानणार?). पुढच्या खेपेला तिने शिकवायला मलाच घेतलंय.

ता. क. दुसरा : नऊ नंबरची खोली रिकामी आहे, खिडकीजवळची. आईला घेऊन ये. सहा वर्षं तू एकटीने काढलीस आणि मी लांबून नावं ठेवली. चुकले गं वहिनी.

ता. क. तिसरा, आणि हेच खरं काम : येताना आईबद्दल सगळं लिहून आण. कुठल्या कुशीवर झोपते, गोळी कशी घेते, रुसली की काय बोलायचं. मी पोटची मुलगी, काल तिचा फॉर्म भरायला बसले, तर नाव आणि वय एवढंच लिहिता आलं. वयही दादाला विचारून.