काँटेसाची कडक क्लचप्लेट

दादा,

तू पुण्याला असताना न विचारता काँटेसा काढली, माफ कर. सकाळी आबांच्या छातीत कळ आली आणि दुसरी गाडीच मिळेना.

पेठच्या घाटात चढावर पुढची एसटी थांबली, म्हणून मीही थांबले. निघताना तू बसवलेल्या त्या रेसच्या क्लचप्लेटनं एकदम पकड घेतली. गाडीनं उडी मारली, इंजिन बंद पडलं आणि आम्ही मागं घसरायला लागलो. आबा मागच्या सीटवर आडवे होते. एक ट्रकवाला "ताई, ब्रेक सोडू नका!" म्हणून ओरडत आला आणि त्यानं चाकाखाली दगड घातला. पुढं खेडपर्यंत गाडी त्यानंच चालवली.

आबांना दाखल केलंय. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. गाडी खेडलाच ठेवून मी कपडे न्यायला घरी आले होते, परत निघालेय.

प्लेट निवडताना "इंजिनाचा जोर वाया जायला नको" म्हणालास, तेव्हा मीही मान डोलावली होती. आता जोर गेला तरी चालेल, आबांना घरी आणायच्या आधी साधी प्लेट बसव.

आबा मघाशी म्हणाले, "प्रबुद्धनं लई जपून आणलं मला." गाडी तूच चालवलीस असं त्यांना वाटतंय, मी त्यांचा समज मोडला नाही. लगेच ये.

स्नेहा